जुन्या लष्करी जीपच्या इंजिनात कोअर प्लग पक्के कसे बसवावेत

सहा महिने माझ्या जीपखाली रोज सकाळी रुपयाएवढा ओला डाग पडत होता. कडेला तांबूस, मधे स्वच्छ. होज बदलले, क्लिपा बदलल्या, वॉटर पंपाचं सील बदललं, रेडिएटर झाळून आणला. डाग काही जाईना. शेवटी एका रविवारी दाढीचा छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन इंजिनाच्या ब्लॉकच्या अडचणीतल्या बाजूला पाहिलं, तेव्हा हिरव्या रंगाखाली एक फुगवटा दिसला. आधीच्या कुणीतरी कोअर प्लगवर, म्हणजे ब्लॉकचं भोक बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकतीवर, इपॉक्सी पुट्टी थापून वरून रंग मारला होता. स्क्रू ड्रायव्हरने पुट्टी उकरली तर खालचा प्लग पापडासारखा पातळ झालेला. टोक लागताच आरपार गेलं आणि चहाच्या रंगाचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत वाहत आलं.

त्या दिवसापासून आजवर मी स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांचे बरेच प्लग काढले आणि बसवले. नुकतीच जुनी विलिस, महिंद्राची सीजे, जबलपूरची जोंगा किंवा लष्कराच्या लिलावातली एखादी गाडी ज्यांनी घरी आणली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. उदाहरणाला विलिसचं इंजिन घेतो, कारण ते मला जवळून माहीत आहे. विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जुळ्या गाड्या १९४१ ते १९४५ या काळात मिळून सहा लाखांहून जास्त बनल्या. दोन्हींत एकच चार सिलिंडरचं, साईड व्हॉल्व्हचं, २,१९९ सीसीचं ‘गो-डेव्हिल’ इंजिन होतं, ६० अश्वशक्तीचं. युद्ध संपल्यावर यातल्या कितीतरी जीप आपल्याकडेच राहिल्या आणि १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली. त्यामुळे या घराण्याची इंजिनं महाराष्ट्रात आजही गावोगाव सापडतात. पुढे सांगितलेली पद्धत मात्र बिडाच्या ब्लॉकच्या जवळपास कुठल्याही जुन्या इंजिनाला लागू पडते.

हे प्लग असतात कशासाठी

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एखाद्या फौंड्रीत गेलात तर हे पाच मिनिटांत कळतं. इंजिनाचा ब्लॉक ओतताना सिलिंडरभोवती पाणी खेळायला पोकळी ठेवावी लागते. त्यासाठी साच्यात वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, ठेवतात. तो गाभा अधांतरी राहू शकत नाही, त्याला बाहेरून टेकू लागतो. बीड थंड झाल्यावर आतली वाळू ठोकून बाहेर काढायलाही वाट लागते. त्यासाठी ब्लॉकच्या भिंतीत गोल भोकं राहतात. ती नंतर यंत्रावर नीट गोल करून पत्र्याच्या चकतीने बंद करतात. ती चकती म्हणजे कोअर प्लग.

पुष्कळ जण याला फ्रॉस्ट प्लग म्हणतात. पाणी गोठून फुगलं की प्लग बाहेर पडतो आणि ब्लॉक वाचतो, असा समज त्यामागे आहे. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं हे खरं, आणि कधी प्लग आधी सुटतोही. पण प्लग त्यासाठी दिलेला नाही, आणि लेहच्या थंडीत नुसतं पाणी भरून उभ्या केलेल्या गाडीचा ब्लॉक प्लग जागेवर असतानाही तडकू शकतो. आपल्याकडे प्लग मरतो तो गंजाने, आणि आतून. बाहेरून रंग ताजा दिसतो आणि पाण्याकडची बाजू वर्षानुवर्षं खात गेलेली असते. बोअरचं जड पाणी, कूलंटचा, म्हणजे पाण्यात मिसळायच्या गंजरोधक द्रवाचा, पत्ता नाही आणि महिनोन्महिने उभी गाडी, असं असलं की प्लगचं आयुष्य फार उरत नाही.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. हा प्लग बोल्टने धरलेला नसतो, झाळलेला नसतो, चिकटवलेलाही नसतो. तो भोकाच्या भिंतीला घट्ट दाबून बसतो आणि केवळ त्या दाबावर टिकतो. म्हणून तो पक्का बसणं हे ऐंशी टक्के भोकाच्या सफाईवर आणि मापावर अवलंबून आहे. हातोडी आणि सीलंट यांचा नंबर त्यानंतर. नवीन माणूस नेमकं उलट करतो. भोक जेमतेम पुसतो, सीलंट मात्र श्रीखंडासारखं लावतो.

आधी आपल्या इंजिनात कोणता प्लग आहे ते पाहा

मुख्य प्रकार दोन. पहिला बशीसारखा, किंचित फुगीर चकतीचा. याला वेल्श प्लग म्हणतात. भोकाच्या आत एक पायरी कोरलेली असते. चकती फुगीर बाजू बाहेर ठेवून त्या पायरीवर टेकवायची आणि मधोमध ठोकायची. फुगवटा सपाट झाला की चकतीचा घेर वाढतो आणि कडा भिंतीत रुततात.

दुसरा वाटीसारखा, उभ्या कडांचा. याचं तोंड बाहेर आणि बूड आत असतं. वाटीची कड तोंडाशी किंचित रुंद असते, ती भोकापेक्षा थोडी मोठी, त्यामुळे ठोकून आत घालताना कड भिंतीला आवळून बसते. याला पायरी लागत नाही, मात्र भोकाची भिंत पुरेशी खोल लागते.

एकाच गाडीत दोन्ही प्रकार सापडू शकतात, आणि आधीच्या कुणी एकाच्या जागी दुसरा घातलेलाही असतो. म्हणून दुकानात ‘जीपचे प्लग द्या’ म्हणून सेट आणण्याआधी जुने काढा, भोकं मोजा आणि मग जा. प्लग शोधताना फक्त समोरून दिसणारे मोजू नका. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरना जोडलेल्या हवेच्या आणि धुराच्या नळ्यांच्या) आड, स्टार्टरच्या आड, डायनॅमोच्या ब्रॅकेटमागे बघा. बऱ्याच इंजिनांत ब्लॉकच्या मागच्या अंगालाही, फ्लायव्हीलच्या आड, प्लग असतो. कॅमशाफ्टच्या मागच्या टोकालाही तशीच चकती असते. तिच्यामागे पाणी नसतं, तेल असतं. ती गळली की तेल क्लचच्या हाऊसिंगमध्ये उतरतं आणि माणूस मागचं ऑइल सील बदलत बसतो.

माझं मत विचाराल तर एक प्लग गळला की सगळे बदला. ते सगळे एकाच वयाचे आहेत आणि तेच पाणी प्यायले आहेत. इंजिन खाली उतरवलेलं असेल तर मागचा प्लग न बदलता इंजिन परत चढवू नका.

साहित्य

पितळेचे की लोखंडी, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मी वाटी-प्लग पितळेचेच घेतो. ते गंजत नाहीत आणि मऊ असल्यामुळे जुन्या भोकाच्या बारीकसारीक उंचसखलपणाशी जुळवून घेतात. शिवाय तापल्यावर पितळ बिडापेक्षा जास्त प्रसरण पावतं. ३८ मिलिमीटरचा प्लग ६० अंशांनी तापला तर हा फरक जेमतेम दोन शतांश मिलिमीटरचा, पण तो आपल्या बाजूचा आहे. गरम इंजिनात प्लग थोडा जास्तच आवळतो. स्टेनलेसचे प्लग चांगले असले तरी कडक असतात, जुन्या खडबडीत भोकाशी ते जमवून घेत नाहीत. गाडी कारखान्यातून आली तशीच ठेवायची असेल तर लोखंडी घ्या, आणि कूलंटची शिस्त मात्र कडक पाळा.

हत्यारांत एक साधारण पाऊण ते एक किलोची हातोडी, व्हर्निअर, सेंटर पंच, ड्रिल, लांब नाकाची पक्कड, वायर ब्रश, १८० आणि ३२० नंबरचा एमरी पेपर, लोहचुंबक लावलेली कांडी, आरसा, टॉर्च आणि डोळ्यांवर चष्मा. चष्मा विसरू नका. गंजाचा कपचा थेट तोंडावर उडतो.

सगळ्यात मोलाची वस्तू लेथवाल्याकडून करून आणावी लागते, ती म्हणजे ठोकणी. दीडशे मिलिमीटर लांबीचा गोल लोखंडी रॉड. वाटी-प्लगसाठी तिचं टोक वाटीच्या आतल्या व्यासापेक्षा दोन मिलिमीटरच लहान हवं, तोंड सपाट आणि कड किंचित गोलावलेली. बशी-प्लगसाठी दुसरी ठोकणी, सपाट तोंडाची, प्लगच्या साधारण निम्म्या व्यासाची. लेथवर दोन्ही अर्ध्या तासात होतात. मापाचा सॉकेट उलटा धरूनही काम भागतं, पण सॉकेटचं तोंड बारीक कडेचं असतं, ते वाटीच्या बुडावर वळ उठवतं.

त्याच लेथवाल्याकडून आणखी एक करून घ्या. भंगारातला बिडाचा तुकडा घेऊन त्यात तुमच्या भोकाच्या मापाची दोन भोकं करून मागा, एक सरळ आणि एक पायरीचं. चार जादा प्लग आणा आणि आधी त्या तुकड्यावर हात बसवा. किती जोर लागतो, कधी थांबायचं, हे वाचून समजत नाही, मनगटाला कळावं लागतं. ब्लॉकवर शिकण्यापेक्षा तुकड्यावर शिकलेलं बरं.

जुना प्लग काढणे

इंजिन पूर्ण थंड असू द्या. बॅटरीची वायर सोडा. रेडिएटरचा आणि ब्लॉकचा, दोन्ही ड्रेन कॉक उघडा. ब्लॉकचा कॉक उघडूनही पाणी आलं नाही तर आत पाणी नाही असं समजू नका, गाळाने तोंड बुजलेलं असतं. तार घालून मोकळं करा. जुना कूलंट असेल तर टबात धरा, अंगणात सांडू देऊ नका. तो गोड असतो आणि विषारी असतो, कुत्री-मांजरं चाटतात.

वाटी-प्लग काढायला पंच वाटीच्या बुडावर एका कडेला, अगदी भिंतीलगत लावा आणि ठोका. ती कड आत जाईल, समोरची कड बाहेर येईल आणि प्लग भोकात आडवा फिरेल. मग पक्कडीने कड धरून सावकाश ओढून काढा. ठोका आवरते मारा. प्लग अख्खा आत पडला तर तो काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. लोखंडी असेल तर चुंबकाला लागतो, पितळी लागत नाही, तो तारेच्या आकड्याने शोधावा लागतो. आत राहिलेला प्लग पाण्याची वाट अडवतो आणि नेमका तोच सिलिंडर तापत राहतो.

बशी-प्लगला मधोमध सेंटर पंच मारा, लहान भोक पाडा, त्यात पंच किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर घालून उचका. ड्रिल वापरताना बिटाला नळीचा तुकडा किंवा चिकटपट्टीची जाड गुंडाळी लावून लांबी बांधून घ्या. प्लगच्या मागे थोडं पाणी आणि त्यामागे सिलिंडरची भिंत असते, आणि हे अंतर फार नसतं. उचकताना स्क्रू ड्रायव्हर भोकाच्या कडेवर टेकवू नका, मधे लाकडाची चीप ठेवा. बीड ठिसूळ असतं, कड टवकली की तिथून पुढे गळती लागते.

आत डोकावून पाहा

प्लग निघाला की लगेच नवा बसवण्याची घाई होते. थांबा. अशी संधी पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. टॉर्च मारून आत पाहा. माझ्या जीपच्या मागच्या सिलिंडरभोवती तपकिरी गाळ घट्ट बसला होता. बोटाला लावला तर ओल्या मशेरीसारखा लागला, मधे मधे क्षाराच्या पांढऱ्या पापड्या, आणि ओतताना राहिलेली वाळू. ती वाळू सत्तर-पंचाहत्तर वर्षं तिथेच होती. ही घाण पाण्याच्या आणि बिडाच्या मधे गोधडीसारखी पसरते आणि सिलिंडरची उष्णता बाहेर पडू देत नाही. बरीच मंडळी इंजिन तापतं म्हणून मोठा रेडिएटर आणि विजेचा पंखा बसवतात, आणि दोष या गाळात असतो.

जाड तार टोकाला वाकवून सगळ्या भोकांतून आत फिरवा. खरवडा, पाण्याचा जोरात फवारा मारा, पुन्हा खरवडा. एका भोकातून मारलेलं पाणी दुसऱ्यातून स्वच्छ येईपर्यंत सोडू नका. रेडिएटर त्या वेळी जोडलेला नको, नाहीतर सगळी घाण त्याच्या बारीक नळ्यांत जाऊन बसेल. माझ्या ब्लॉकमधून जवळजवळ एक वाटीभर गाळ निघाला, आणि त्यानंतर उन्हाळ्यातल्या चढावर तापमानाचा काटा पूर्वीइतका वर गेला नाही.

भोक साफ करणे आणि मोजणे

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. भोकाच्या भिंतीवरचा जुना सीलंट, रंग आणि गंज पूर्ण निघायला हवा. आधी पितळी वायर ब्रश, मग १८० चा एमरी बोटाभोवती गुंडाळून गोल गोल, शेवटी ३२० चा. दिशा नेहमी घेराच्या बाजूने ठेवा. आतून बाहेर असा उभा ओरखडा पडला तर तोच पाण्याला बाहेर यायचा रस्ता होतो. ग्राइंडरला लावलेला दगड किंवा फ्लॅप व्हील इथे आणू नका. क्षणात भोक अंडाकृती होतं आणि ते परत गोल होत नाही.

बशी-प्लगचं भोक असेल तर पायरी टोकदार पंचाने खरवडून काढा. कोपऱ्यात गंज राहिला की चकती एका बाजूला उचललेली राहते. पायरीच गंजून गेली असेल तर बशीला टेकायला जागा नाही. तिथे भिंतीची खोली पुरत असेल तर त्याच मापाचा वाटी-प्लग घालता येतो.

शेवटी थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसा आणि बोटाचं टोक सावकाश फिरवा. डोळ्यापेक्षा बोट जास्त सांगतं. सुईच्या टोकाएवढे विखुरलेले खड्डे चालतात, सीलंट ते भरून काढतं. पण नख अडकेल असा खड्डा भिंतीच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत सलग गेला असेल तर नुसत्या सीलंटवर भरवसा ठेवू नका. ते भोक चांगल्या मशीन शॉपमध्ये बोअर करून ओव्हरसाईज प्लग घालणं हा खरा उपाय. काही जण भोकात आटे पाडून स्क्रूचा प्लग घालायला सांगतात. जुन्या ब्लॉकची भिंत तिथे पातळ असते, आटे पाडताना तडा जाण्याचा धोका मी तरी घेणार नाही.

मोजताना व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांनी तीन ठिकाणी मोजा, घड्याळातले बारा, दोन आणि चार वाजल्याच्या दिशांनी. तिन्ही मापं जवळपास सारखी आली तर भोक गोल आहे. विलिस ही इंचांची गाडी आहे. सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिलिमीटर आणि बाजारात ३२ चा प्लग सहज मिळतो. दीड इंच म्हणजे ३८.१ आणि दुकानदार ३८ चा देतो. पहिला फार घट्ट होईल, दुसरा सैल. डबीवर लिहिलेलं माप हे बहुतेक वेळा भोकाचं असतं, प्लग स्वतः त्याहून थोडा मोठा असतो. म्हणून प्रत्येक प्लगची कड स्वतः मोजा. वाटी-प्लग भोकापेक्षा मिलिमीटरचा एक-दोन दशांश मोठा असला तर तो नीट आवळून बसतो. हाताने दाबून आत जाणारा प्लग कितीही सीलंट लावलं तरी परत करा.

बसवणे

सीलंटचं काम फक्त बारीक खाचा बुजवण्याचं. कडक न होणारं गॅस्केट सीलंट चालतं, प्लग आणि बेअरिंग पक्के करायला मिळणारं रिटेनिंग कंपाउंडही उत्तम. जुने मिस्त्री शेलॅक लावायचे, तेही निभावतं. घर बांधायला वापरतात तो सिलिकॉन नको. भोकाच्या भिंतीवर आणि प्लगच्या कडेवर पातळ हात फिरवा, रंगाचा पहिला हात मारावा तितकाच. जास्तीचं सीलंट आत सुटतं, त्याचे धागे रेडिएटरपर्यंत जातात.

वाटी-प्लग: वाटीचं तोंड तुमच्याकडे. नवीन माणूस हमखास बूड बाहेर धरतो, म्हणून पुन्हा सांगतो, तोंड बाहेर. प्लग भोकाच्या तोंडाशी सरळ धरा आणि ठोकणी वाटीत बसवा. पहिले दोन-तीन ठोके हलके, केवळ तो सरळ चालला आहे का हे पाहण्यासाठी. तिरका गेला तर लगेच काढून घ्या आणि दुसरा प्लग घ्या. तिरका गेलेला ठोकून सरळ करता येतो, पण त्याची कड तोवर खरवडलेली असते. सरळ असेल तर मोकळ्या हाताने ठोका. सुरुवातीला आवाज पोकळ येतो, ठण्ण असा. प्लग भिंतीत आवळत गेला की आवाज भरीव होतो आणि हातोडी हाताला परत ढकलते. वाटीची कड भोकाच्या तोंडावरच्या उतारापासून एक-दीड मिलिमीटर आत गेली की थांबा. कड उताराच्या आत गेली नाही तर ती भिंतीला धरतच नाही. फार आत गेला तर प्लग मागे काढता येत नाही आणि पाण्याची वाटही अडते.

ठोकणी मापाची का हवी ते इथे कळतं. लहान पंचाने बुडाच्या मधे ठोकलं तर बूड खोलगट होतं आणि कडा आतल्या बाजूला ओढल्या जातात. प्लग बसलेला दिसतो, पण भिंतीवरची पकड गेलेली असते. वाटीच्या कडेवर थेट हातोडी मारली तरी कड वाकते आणि तेच होतं.

बशी-प्लग: फुगीर बाजू बाहेर, चकती पायरीवर चारही बाजूंनी टेकलेली. बोटाने दाबून पाहा, डुगडुगता कामा नये. ठोकणी अगदी मधोमध ठेवा आणि एक ठाम ठोका द्या. भीत भीत मारलेल्या दहा टिचक्यांनी मधे नुसता पोचा पडतो आणि घेर वाढत नाही. ठोक्यानंतर स्टीलची पट्टी आडवी धरून पाहा. फुगवटा जवळपास सपाट झाला, मधे जेमतेम उथळ खळगा दिसला, की झालं. अजून फुगीर असेल तर आणखी एक. पण सपाटीच्या पलीकडे जाऊन ती उलट्या बाजूला खोल गेली तर घेर पुन्हा कमी होतो. अशी चकती त्या क्षणी घट्ट वाटते आणि इंजिन तापलं की सुटते. ती काढून टाका, नवी घाला.

गाडीतच काम करताना हातोडी फिरवायला जागा नसते. ठोकणी तिरकी धरून ‘भागवू’ असं वाटतं. तेव्हा मॅनिफोल्ड काढा, स्टार्टर काढा, रेडिएटर पुढे घ्या. मॅनिफोल्डचे स्टड आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवून ठेवा, तुटले तर ते काम प्लगपेक्षा मोठं होऊन बसतं.

कडेला पंच मारून बिडाचा ओठ प्लगवर वळवायचा, किंवा शेजारी आटे पाडून स्क्रू आणि वॉशरने प्लग दाबून धरायचा, असे सल्लेही मिळतील. अॅल्युमिनियमच्या हाऊसिंगमध्ये पंचाने ओठ वळवणं ठीक. बीड वळत नाही, टवकतं. स्क्रू-वॉशर मूळ इंजिनातच दिला असेल तर तो जरूर परत लावा. नसेल तर ब्लॉकला नवं भोक पाडू नका. माप बरोबर असेल तर त्याची गरज पडत नाही.

दाबाचा हिशोब

इथे रेडिएटरच्या झाकणाबद्दल सांगायलाच हवं. ३८ मिलिमीटरच्या प्लगचं क्षेत्रफळ साधारण ११.३ चौरस सेंटिमीटर. आजच्या कारचं ०.९ बारचं झाकण लावलं तर त्या प्लगवर आतून सुमारे दहा किलोचा जोर येतो, तापलेलं असेतोवर सतत. या जुन्या गाड्यांची मूळ झाकणं फार कमी दाबाची होती. तोंडाचं माप जुळतं म्हणून कुठलंही झाकण बसवू नका. माझ्या एका मित्राच्या गाडीचे प्लग तीन वर्षं कोरडे होते. झाकण बदलल्यावर दुसऱ्याच आठवड्यात दोन प्लग पाझरायला लागले.

तपासणी

रिटेनिंग कंपाउंड लावलं असेल तर पूर्ण एक दिवस थांबा. मग आधी साधं स्वच्छ पाणी भरा, कूलंट नाही. गळालं तर पुन्हा काढावं लागणार आहे, महाग कूलंट वाया कशाला घालवायचा. या जीपमध्ये दहा-साडेदहा लिटर पाणी मावतं. खूप कमी मावलं तर आत हवा अडकली आहे, थोडं थांबून परत भरा.

रेडिएटरच्या तोंडाला लावायचा हाताचा प्रेशर पंप मिळतो, तो असेल तर तुमच्या झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरा आणि वीस मिनिटं काटा पाहा. त्याहून वर जाऊ नका. पंप नसेल तर प्रत्येक प्लगभोवतीचा भाग कोरडा पुसून खडूची पूड लावा. ओल फुटली की पूड लगेच काळवंडते. मग इंजिन चालू करा, नेहमीच्या तापमानावर येऊ द्या, पंधरा मिनिटं चालवून बंद करा. पूर्ण थंड होऊ द्या. असं तीन वेळा करा, कारण पुष्कळदा गरम इंजिनात कोरडा असलेला प्लग थंड होताना पाझरतो.

एखादा प्लग पाझरला तर वरून पुट्टी लावू नका आणि रेडिएटरमध्ये गळतीबंद पावडरही टाकू नका. ती पावडर रेडिएटरच्या नळ्याही तितक्याच मनापासून बुजवते. प्लग काढा, भोक पुन्हा बोटाने तपासा, नवा प्लग घाला. एकदा बसवलेला प्लग काढून परत वापरता येत नाही.

सगळं कोरडं राहिलं की साधं पाणी सोडून द्या आणि डिस्टिल्ड पाणी व कूलंट यांचं मिश्रण भरा. कूलंट घेताना तो तांब्या-पितळेच्या, झाळलेल्या रेडिएटरला चालतो असं डब्यावर लिहिलेलं आहे का ते पाहा. सोलापूर, मराठवाडा भागात बोअरच्या पाण्याने भांड्यांना पांढरी पुटं चढतात, तीच पुटं ब्लॉकमध्येही चढतात. दर दोन वर्षांनी मिश्रण बदला.

मी इंजिनाच्या वहीत प्रत्येक प्लगची जागा, भोकाचं मोजलेलं माप, प्लगचा प्रकार आणि तारीख लिहून ठेवली आहे. सीटखालच्या हत्यारपेटीत प्रत्येक मापाचा एक जादा प्लग, दोन्ही ठोकण्या आणि एक रबरी प्लग असतो. हा रबरी प्लग मधला नट आवळला की फुगून भोकात बसतो. घाटात प्लग सुटला तर तो घालून, झाकण सैल ठेवून, पाणी बघत बघत जवळच्या गावापर्यंत येता येतं. घरी पोचल्यावर तो काढायचा आणि त्या जागी धातूचा प्लग बसवायचा.